रूट ४० वरचं बिल्ल्यांचं काउंटर: पाचपैकी चार तारे

इंडियानापोलिसहून रूट ४० नं पूर्वेला निघालं की नाइट्सटाउनपासून पुढे जुन्या वस्तूंची दुकानं लागतात. एकेका छपराखाली पन्नास-साठ जणांचे गाळे. त्यातल्या एका मॉलमध्ये, पार मागच्या भिंतीला, एक आजोबा फक्त निवडणुकीचे बिल्ले विकतात. मॉलचं नाव देत नाही, कारण तक्रार मॉलबद्दल आहे, आजोबांबद्दल नाही. शोधणाऱ्याला सापडेल.

मी मूळची नागपूरची. वडिलांच्या बिल्ल्यांच्या डब्यात काँग्रेसची बैलजोडी आणि जनसंघाची पणती शेजारी शेजारी नांदायची, तिथूनच हा नाद लागला. पण इथे यायचं कारण दुसरं. आजोबा बिल्ले सालाप्रमाणे लावत नाहीत, पक्षाप्रमाणेही नाही. लावतात जोड्यांप्रमाणे. अध्यक्षपदाचा उमेदवार आणि त्याचा रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, या दोघांचे चेहरे एकाच बिल्ल्यावर असले की त्याला या धंद्यात ज्युगेट म्हणतात. पहिला ट्रे इंडियानाच्या उपाध्यक्षांचा: कोलफॅक्स, हेन्ड्रिक्स, फेअरबँक्स, मार्शल, क्वेल, पेन्स. एवढ्याशा राज्यानं सहा दिले! दुसरा ट्रे मात्र खरा बघण्यासारखा. ज्या उमेदवारांना त्यांचाच पक्ष बिचकून होता, त्यांच्या जोड्या त्यात आहेत.

सुरुवात १९६४ च्या गोल्डवॉटर-मिलरपासून. नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलेला गोल्डवॉटर, त्याच्यावर रिपब्लिकन पक्षातलाच नेल्सन रॉकफेलरचा मवाळ गट चिडलेला. अशा वेळी त्या गटातला कुणी सोबत घेऊन रुसवा काढता आला असता. त्यानं घेतला विल्यम मिलर, पक्षाचा अध्यक्ष आणि जीभ तिखट. तेव्हाचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन त्याच्यामुळे भडकतो, हीच मोठी लायकी. सहाच राज्यं मिळाली. पुढे १९७५ मध्ये हाच मिलर अमेरिकन एक्स्प्रेसच्या जाहिरातीत ‘मला ओळखलंत का?’ विचारत होता. बिल्ला आठ डॉलर, रंग शाबूत. घेतला.

त्याच्या शेजारी डेमोक्रॅट पक्षाचे मॅकगव्हर्न-ईगलटन, १९७२. ही जोडी अठरा दिवस टिकली. टेड केनेडीसह मोठमोठ्यांनी नकार दिल्यावर मायामीच्या अधिवेशनात घाईघाईनं फोन करून ईगलटनला घेतलं, आणि मग कळलं की नैराश्यासाठी त्याला रुग्णालयात विजेचे झटके देऊन उपचार झाले होते. मॅकगव्हर्ननं आधी हजार टक्के पाठिंबा दिला, मग बदलून श्रायव्हर आणला. हल्ली उमेदवाराचे कराचे कागद आणि डॉक्टरांचे रिपोर्ट वकिलांची फौज चाळते, ते या फजितीनंतर फार कडक झालं. मला वाटलं हा बिल्ला महाग असणार. आजोबा हसले. ‘दुर्मीळ होईल म्हणून तेव्हा प्रत्येकानं मूठभर ठेवले, म्हणून आजही ढिगानं आहेत.’ दोन डॉलर. खरा मौल्यवान म्हणजे १९२० चा कॉक्स-रूझवेल्ट, तो यांच्याकडे नाही आणि असल्याचा आवही नाही.

आता २०१६. त्या जुलैत आम्ही इथेच होतो, त्यामुळे या बिल्ल्यापाशी जरा जास्त रेंगाळते. १२ जुलैला ट्रम्प यांची सभा वेस्टफील्डला, आमच्या घराजवळच. विमान बिघडलं म्हणून मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता गव्हर्नर पेन्स यांच्या सरकारी निवासस्थानी झाला. उपाध्यक्षपदासाठी क्रिस्टी आणि गिंग्रिच यांचीही नावं हवेत होती. इकडे पेन्स गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे, आणि ते नाव मागे घ्यायची मुदत १५ जुलैच्या दुपारी १२ पर्यंत. पेन्सना निवडल्याचं ट्रम्प यांचं ट्वीट आलं अकराच्या सुमारास! हेच पेन्स एप्रिलअखेरीस ट्रम्प यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या मागे उभे राहिले होते. तरी घेतलं, कारण पतपेढीला कर्जदारापेक्षा जामीनदाराची पत आधी बघायची असते. बारा वर्षं काँग्रेसमध्ये काढलेला, चर्चमध्ये वजन असलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस सही करतोय म्हटल्यावर ट्रम्प यांना बिचकलेले मतदार सैलावले.

टी आणि पी एकमेकांत अडकवलेलं ते पहिलं चिन्ह आठवतंय? इतकी टिंगल झाली की लगेच गुंडाळलं. त्याचा बिल्ला आहे का, विचारलं. ‘आहे, पण मागाहून कुणीतरी घरी छापलेला, म्हणून एकच डॉलर.’ या एका वाक्यासाठी मी दोन तारे देते. १९७३ च्या कायद्याप्रमाणे नकली राजकीय बिल्ल्यावर तो बनवल्याचं साल असायला हवं. १९७२ मध्ये अमेरिकन ऑइल या तेलकंपनीनं वाटलेल्या नकलांच्या कडेवरही बारीक अक्षरांत साल आहे, ते त्यांनी भिंग देऊन मला दाखवलं. बाकीचे विक्रेते तीच कडा अंगठ्याखाली धरतात.

ट्रम्प-व्हान्स मात्र वेगळ्या खणात ठेवलाय, आणि ते बरोबर आहे. घोषणा पुन्हा १५ जुलैलाच, २०२४ ला, मिलवॉकीच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी. पण तोवर पक्षच ट्रम्प यांचा झाला होता. पक्षाला धीर द्यायची गरज उरली नव्हती. चर्चेतल्या सिनेटर मार्को रूबिओंच्या बाबतीत भलतीच अडचण होती: अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघं एकाच राज्याचे असले तर त्या राज्याच्या इलेक्टरांना, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना, दोघांनाही मत देता येत नाही, आणि दोघं फ्लोरिडाचे. उरला ३९ वर्षांचा व्हान्स, एकेकाळचा टीकाकार आणि आता कट्टर पाठीराखा. जानेवारी २०२१ मध्ये पेन्सनी निवडणुकीचा निकाल फिरवायला नकार दिला, त्यानंतर दुसरा पेन्स कोण शोधणार? माझ्या मते नावांच्या याद्या बघण्यापेक्षा उमेदवाराला तेव्हा कुणाची भीती वाटतेय ते बघावं. दोन्ही बिल्ले समोर ठेवून मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही घेतलेस तर पाच डॉलर.

आता मॉलची कैफियत. काचेच्या कपाटांची किल्ली पुढच्या टेबलावरच्या एकाच बाईकडे, ती जेवायला गेली की तासभर सगळं बंद. मागच्या भिंतीला दिवा नाही, मोबाइलची बॅटरी लावून कडेवरची अक्षरं वाचावी लागतात. शिवाय किमतीचं चिकट लेबल थेट चेहऱ्यावर मारतात. माझ्या मिलरच्या कपाळावरचा गोंद अजून निघाला नाही. एक तारा त्यासाठीच कापलाय. आजोबा फक्त शनिवारी बसतात. रोख न्या, कार्डावर जादा आकारतात, आणि काउंटरखालचा तिसरा ट्रे मागून घ्या, तो आपणहून काढत नाहीत.