गावबांधणीचा फ्री गेम, ८ महिने खेळून: पैसे नेमके कधी सुटले

दिवाळीपासून खेळतोय. शिरोली एमआयडीसीत शिफ्टला असतो, बसनं जाता-येता जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात. गेम चांगलाय, साध्या फोनवर पण अडकत नाही, मध्ये जाहिराती नाहीत. त्याबद्दल एवढंच, मला लिहायचंय ते पैशाबद्दल.

पहिले दोन महिने एक रुपया टाकला नाही. हरलं की माणूस पैसे टाकतो म्हणतात, माझं तसं झालंच नाही, हरलो की मी फोन ठेवून झोपायचो. पैसे सुटले ते सगळं झ्याक चाललेलं असताना. पहिल्यांदा ८९ रुपये, दुसऱ्या बिल्डरसाठी (गावात बांधकाम करणारा गडी), आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण तो बिल्डर कायमचा राहिला, रोज कामाला येतो आणि काय मिळणार ते आधी स्वच्छ लिहिलेलं होतं. एका मिसळीच्या पैशात सहा महिने.

सीझन पासचं गणित वेगळं. फुकट खेळतानाच वरच्या ओळीत बक्षिसं साठत जातात, पण कुलूप लावलेली, पैसे देऊन पास घेतला की ती उघडतात. सुरुवातीला काय वाटत नाही, पण शेवटच्या तीन दिवसांत तीसेक बक्षिसं समोर दिसतात आणि वाटतं की हे तर मी महिनाभर राबून कमावलंय, सोडू कसं? तिथं घेतला. तीनदा. घ्यायचाच असला तर शेवटीच घ्या, निदान किती वापरणार ते कळलेलं असतं.

पेटी मात्र अजिबात घेऊ नका, आत काय निघेल ते नशिबावर. कोपऱ्यातल्या बारक्या 'i' वर दाबलं की टक्केवारी दिसते, भारी हिरोला १ टक्का. म्हणजे १०० पेट्या उघडल्या तरी १०० पैकी साधारण ३७ जणांना तो मिळतच नाही, आपल्याला वाटतं शंभराव्याला नक्की. बेल्जियमनं २०१८ सालीच पैशाच्या असल्या पेट्यांना जुगार ठरवलंय, ते मला पटतं. त्यात पैसे रुपयात नाही, हिऱ्यात (रुपये देऊन घ्यायचं गेममधलं नाणं) जातात, पेटी १५० हिऱ्यांची आणि पॅक ५०० चा, मग ५० उरतात ते टोचत राहतात.

आणि सगळ्यात मोठा खर्च केला तो राजारामपुरीतल्या आमच्या पोरांमुळं. रविवारी क्लॅन वॉर, म्हणजे आमच्या टोळीची दुसऱ्या टोळीशी लढाई, ग्रुपवर एकानं लिहिलं "भावा, तुझा टॉवर अजून सातव्या लेव्हललाच?" बस, त्या रात्री ७९९. गेमनं काही मागितलं नव्हतं, मित्रांपुढं कमी पडू नये एवढंच डोक्यात होतं.

आता प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लावलंय, ते अडवत नाही, नुसतं सांगतं, म्हणून खरेदीला पासवर्ड पण ठेवलाय. पोरांना सरळ सांगितलं की इथून पुढं टाकणार नाही. वॉरमध्ये आता खालच्या नंबरला खेळतो, क्लॅनमधनं कुणी काढलं नाही.