सोसायटीच्या गणपतीत गाणी: ट्रॅकवर की वादकांसोबत?

पाऊस स्थिरावला की सांस्कृतिक समितीच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच: यंदा कराओके, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीताच्या ट्रॅकवर गाणं, ठेवायचं की वादक बोलवायचे? मी तबला वाजवतो, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार ते उघड आहे. तरी ट्रॅकवर रंगलेले कार्यक्रम मी पाहिलेत आणि वादक असून पडलेलेही. त्यातल्या एक-दोन पडलेल्यांत तबल्यावर मीच होतो.

पैशाचं आधी उरकून टाकू. ट्रॅकला एक लॅपटॉप, दोन माइक आणि साउंडवाला, एवढ्यावर भागतं. पेटी, तबला-ढोलकी आणि साइड ऱ्हिदम (खंजिरी, टाळ वगैरे) अशा तिघांना बोलावलं तर मानधन, येणं-जाणं, जेवण, शिवाय सहा-सात माइक आणि आधी तासभर साउंड चेक. वादकांना पैसे द्यायचे म्हणून साउंड स्वस्तातला घेणार असाल, तर वादक बोलवूच नका. कर्कश स्पीकरमधून येणाऱ्या उत्तम तबल्यापेक्षा नीट लावलेला ट्रॅक परवडला.

खरा फरक लोक टाळ्या धरतात तेव्हा कळतो. टाळ्या धरल्या की लय चढते, हे ठरलेलंच. वादक लोकांबरोबर चढतात, लग्गी (ठेक्याचे जलद, खेळकर बोल) लावतात आणि तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडतात. ट्रॅक आहे तिथेच राहतो. अर्ध्या मिनिटात टाळ्या एकीकडे, गाणं दुसरीकडे, आणि लोक ओशाळून हात खाली घेतात. मग ते हात तासभर वर येत नाहीत. वन्समोअरचंही तेच. संगीत नाटकाने लावलेली ही आपली जुनी सवय. वादक असले तर शेवटचा अंतरा आणि मुखडा परत घेऊन दीड मिनिटात हौस भागते. ट्रॅक पुन्हा पहिल्या व्हायोलिनपासून.

म्हणून ट्रॅकवर गाणाऱ्यांनी थोडी पूर्वतयारी करावी. मधले लांबलचक म्युझिक पीस आधीच कापून घ्या. तेवढा वेळ गायक माइक धरून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि पहिल्या रांगेतले मोबाइल काढतात. बहुतेक ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतात. ते एक-दोन पट्ट्या खाली आणता येतात, त्याहून ओढले की व्हायोलिनं रडकी वाटू लागतात. झेपत नसेल तर गाणंच बदला. निदान मुखडा आणि पहिला अंतरा पाठ हवा, म्हणजे डोळे फोनवर न राहता माणसांवर राहतील. आणखी एक हमखास युक्ती: शेवटच्या मुखड्याला ट्रॅक हळूच उतरवून बंद करायचा आणि नुसत्या टाळ्यांवर तो मुखडा लोकांकडून गाऊन घ्यायचा. कार्यक्रमात एकदाच हं, फार तर दोनदा.

आणि ट्रॅक फोनवरून ब्लूटूथने वाजवू नका. एका ठिकाणी ऐन अंतऱ्यात ऑपरेटरला फोन आला. रिंगटोन गणपतीच्या आरतीची. ती मंडपभर घुमली आणि मागचे दोन आजोबा सवयीने उठून उभे राहिले. हशा भरपूर पिकला, पण गाणाऱ्या बाईंचा सूर काही पुन्हा लागला नाही. लॅपटॉप, वायर, नेट बंद.

वादकांची दुखरी नस वेगळी आहे. गणपतीत हवा दमट. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओलावते आणि तबला सुरातून उतरतो. त्यात गायक बदलला की पट्टी बदलते: काका काळी एकमध्ये, पुढची मुलगी पांढरी पाचमध्ये. मग हातोडीची ठकठक सुरू होते, तीन-चार मिनिटं जातात आणि मंडपाचा कट्टा होतो. यावर उपाय आहेत. दोन पट्ट्यांचे दोन तबले आधी लावून ठेवायचे आणि एका पट्टीची गाणी सलग घ्यायची. तरीही ठोकावं लागलंच, तर तेवढ्या वेळात गायकाने पेटीवर ठेक्याशिवाय एखादी ओवी किंवा श्लोक म्हणायचा. शांतता अशी भरून काढली की ऐकणाऱ्यांना ती मुद्दाम ठेवलेली वाटते. ओळीने चार गाणी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, मात्र नकोत. मध्ये सहा मात्रांचा दादरा टाका. हे ट्रॅकलाही लागू.

फर्माईश दोन्हीकडे घातकच. उघड विचारलं की मागे बसलेली पोरं नेमकं कुणालाच येत नसलेलं गाणं मागतात. आदल्या दिवशी डब्यात चिठ्ठ्या घ्या, त्यातली तीन निवडा आणि मागणाऱ्याचं नाव घेऊन गा.

वेळेचं गणित दोन्हीकडे वेगळं बसतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी 12 पर्यंत सवलत असते, तुमचा दिवस त्यात आहे का ते आधी पाहा. 8 ची आरती आणि प्रसाद धरला तर हातात दीड तास. ट्रॅकवर त्यात 15 गाणी बसतात, वादकांसोबत 11-12, कारण गाणी फुलतात. सगळ्यात चढं गाणं 9.40 ला घ्या. शेवटचं म्हणून राखून ठेवलं तर लांबलेल्या निवेदनात ते मरतं. सत्कार, आभार, देणगीदारांची यादी हे सगळं पहिल्या गाण्याच्या आधी. मध्ये शाल-नारळ निघाला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

आता निवड. गाणारे सोसायटीतलेच पंधरा-वीस हौशी असतील तर बिनधास्त ट्रॅक घ्या. त्यांचा सराव त्यावरच झालेला असतो. वादकांबरोबर निदान दोन तालमी लागतात आणि तालमीला कोणी फिरकत नाही. चार-पाच तयारीचे गायक असतील तर वर सांगितलेले तिघे वादक बोलवा. कीबोर्ड, गिटार, ड्रमसेटचा अख्खा वाद्यवृंद पार्किंगमधल्या दोनशे माणसांसाठी नको, आवाज मावत नाही. दर वर्षी कोणीतरी सुचवतं तो ‘ट्रॅकवर एक ढोलकीवाला बसवू’ हा मधला मार्गही टाळा. ट्रॅकमध्ये बहुधा एक ढोलकी असतेच, आणि तिला ही दुसरी ऐकू येत नाही.