वळवाचे ढग आणि गच्चीवरचा कॅमेरा: सात महिन्यांनंतर

मार्चच्या शेवटी हा अ‍ॅक्शन कॅमेरा सेकंडहँड घेतला, तो एकाच वेडापायी: वळवाच्या ढगांचे टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढून जोडलेली, भरभर पळणारी क्लिप. एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर, असा तो सोलापुरात आमच्या गच्चीवर राबलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पण त्या नावाशिवायही कळतील.

आधी हेच मोबाइलवर करायचे. मोबाइल टाइमलॅप्सचा वेग स्वतःच ठरवायचा, आणि ऐन वेळी कुणाचा तरी फोन यायचा. शिवाय विजा चमकत असताना मोबाइल वर ठेवून खाली यायला जीव होत नसे, म्हणून मीही तिथेच उभी. हा मूर्खपणा होता.

मेमधल्या एका संध्याकाळचं सांगते. चारपर्यंत नुसता उकाडा, पान हलत नव्हतं. पाचच्या सुमारास अक्कलकोट रोडच्या बाजूने एक काळी कमान वर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. याला शेल्फ क्लाऊड म्हणतात. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली कोसळते आणि अंगणात बादली उपडी केल्यावर पाणी पसरावं तशी जमिनीलगत पसरते. तिच्या पुढची गरम, दमट हवा वर उचलली जाते आणि तिथे ही कड तयार होते. डोळ्यांना वाटतं, तयार ढग सरकत येतोय. टाइमलॅप्समध्ये दिसतं की पुढची कड सतत नव्याने घडतेय, आणि तिच्या पोटात नुसत्या चिंध्या घुसळताहेत. कॅमेऱ्याचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

त्या क्लिपच्या सुरुवातीला आई आहे. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. "ढग कुठं पळून जात नाहीत, आधी कुरडया उचल," असं ती ओरडत होती, आणि क्लिपमध्ये ती दीड सेकंदात अख्खं प्लास्टिक गोळा करून गायब होते. घरच्यांना तेवढंच आवडलं. नात्यातल्या एकाने तीच क्लिप 'सोलापुरात ढगफुटी' म्हणून ग्रुपवर फिरवली. ढगफुटी म्हणजे तासाभरात १०० मिलिमीटर. आमच्या गच्चीवरच्या बादलीत त्या दिवशी चार बोटंही पाणी नव्हतं.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त चुकले ते दोन फोटोंमधल्या अंतरात. एप्रिलभर ५ सेकंद ठेवले, आणि ढग बेडकासारखा उड्या मारत डोक्यावरून गेला. कमान दिसल्यापासून डोक्यावर येईपर्यंत मेमध्ये १४ मिनिटं लागली. २ सेकंदांच्या अंतराने त्याचे ४२० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला २५ फोटोंच्या हिशेबाने जेमतेम १७ सेकंदांची क्लिप. ५ सेकंदांनी तीच ७ सेकंदांतही संपते. आता २ च्या वर जात नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारं सेटिंग, लॉक करा. ऑटोवर ढग मध्येच निळा, मध्येच पिवळट होतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मात्र ऑटोच ठेवावं लागतं, कारण पाच मिनिटांत दिवसाची तिन्हीसांज होते, आणि मग क्लिप लुकलुकते. ते सॉफ्टवेअरने बरंचसं जातं, पूर्ण नाही. दिवसा वीज सापडली तर नशीब. दर फोटोला कॅमेऱ्याचा डोळा उघडतो सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता, बाकी वेळ तो आंधळाच.

खरी तक्रार उष्णतेची. ४२ अंशांत उन्हात ठेवला की वीसेक मिनिटांत गरम होऊन बंद. दोनदा ढग आला तेव्हा हा झोपलेला होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "मॅडम, सावलीत वापरा" एवढं सांगून परत पाठवलं. शेवटी थर्माकोलच्या खोक्याला भोक पाडून त्यात बसवला, तेव्हापासून टिकतो. पावसाआधी धूळ येते, ती काचेवरून कोरड्या कापडाने पुसू नका. माझ्या काचेवर एक ओरखडा कायमचा आहे. ट्रायपॉड वाऱ्याने थरथरतो, त्यापेक्षा कठड्याला क्लॅम्प बरा.

आता आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप लांबवर वीज दाखवायला लागलं, की वर जाऊन बटण दाबायचं आणि लगेच खाली. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, मग वर जायचंच नाही, क्लिप चुकली तर चुकली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच कॅमेरा आणायला जाते. तेवढा वेळ तो एकटा भिजतो, आणि अजून तरी आत पाणी शिरलेलं नाही. बॅटरीच्या झाकणाचं रबर ऑक्टोबरपासून थोडं सैल वाटतंय. पुढच्या एप्रिलच्या आत ते बदलून घेणार आहे.