मंडईतला मुए थाई: जमिनीवर बसा, खुर्ची घेऊ नका

आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, यंदा नाटकाआधी तासाभराचा मुए थाईचा, म्हणजे थायलंडच्या मारामारीच्या खेळाचा, शो ठेवला होता. शहरातल्या एका क्लबचे पोट्टे-पोट्टी. तिकीट जमिनीवर सत्तर, खुर्चीला शंभर. मला फुकट, कारण नंतरच्या नाटकात तबल्यावर मीच. धान निघालेल्या बांधीत कनात ठोकलेली, थंडी मणक्यात शिरत होती. म्हटलं, चला, थोडं कराटे बघू.

पोरगी आली आणि आपल्या प्रदक्षिणेच्या उलट्या दिशेनं स्टेजला फेरा घातला. मग गुडघ्यावर बसून तीनदा डोकं टेकवलं आणि हळूहळू नाचायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, मारामारी कव्हा हाय?" ही वाय क्रू, म्हणजे गुरुवंदना. डोक्यावरचं कडं, मोंगखोन, गुरूनंच चढवायचं आणि लढतीआधी गुरूनंच काढायचं. ते जमिनीला लागू द्यायचं नाही. म्हणून एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं ते दोन्ही तळहातांवर धरून शेवटपर्यंत कोपऱ्यात उभं होतं. नाकावर चिलट बसलं तरी हात खाली नाही. शोमधला सगळ्यात चांगला नट तोच.

शोची गोष्ट 'नाय खानोम तोम' नावाच्या थाई लढवय्याची. 1767 मध्ये तिकडची जुनी राजधानी अयुथया पडली, त्यात तो कैद झाला आणि 1774 मध्ये ब्रह्मदेशाच्या राजासमोर त्यानं एकामागून एक दहा मल्ल लोळवले, असं सांगतात. दहा मल्लांचं काम इथे तीनच पोट्टे करत होते, दुपट्टे बदलून. "हा त आत्ताच मेला होता ना बे!" कनात हसून लोटपोट. पण कोपर-गुडघे खरे होते. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या, अशी आठ हत्यारं या खेळात. नडगी पॅडवर बसली की आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत.

दोन्ही मुठी एकदम हनुवटीखाली घालायच्या डावाला तिकडे 'हनुमानाचं अंगठी अर्पण' म्हणतात. निवेदकानं हे सांगताच जयजयकार झाला. थायलंडच्या रामायणात, रामकियेनमध्ये, मारुतीरायाला बायका आहेत, हे मात्र त्यानं शहाणपणानं गाळलं. नाहीतर आमच्या आखाड्यातल्या उस्तादांनी कनात उपटली असती.

आता तक्रार, आणि ती धंद्याची आहे. तिकडे लढतीत वाजंत्री जिवंत असते: सनईसारखी पी, ढोलांची जोडी आणि छिंग नावाची छोटी टाळ. गुरुवंदनेला संथ आणि लढत तापली की लय चढते. वाजवणाऱ्याची नजर लढणाऱ्यावर. इथे सगळं पेन ड्राइव्हवर. सातव्या मल्लाला लय द्रुत झाली तेव्हा पोट्टे धापा टाकत उभे. नवव्याला ट्रॅक संपला आणि आपोआप लग्नाच्या वरातीचं गाणं लागलं. दहावा मल्ल मुठी वळून उभा, मागे वरात! बारा हिवाळे मी नटाचा श्वास बघून ठेका धरतोय. चार हातांवर तबला लावून ठेवलेला आणि गावचा सनईवाला कनातीत खर्रा चघळत बसलेला. कोणी विचारलंच नाही.

सत्तर रुपये वसूल आहेत. खुर्च्या फार मागे लावतात, तिथून नडग्या दिसतच नाहीत आणि या खेळात नडगीच नाही दिसली तर काय बघायचं?

शो संपल्यावर प्रशिक्षकाला पेन ड्राइव्हचं बोललो. तो म्हणाला, "दादा, पुढच्या खेळाला तुम्हीच या ना जी." रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतलंय, दोन दिवस ऐकतोय. एका ढोलाचं हातात बसलंय. दुसऱ्याला दुसराच माणूस लागतो, शेजारच्या गावच्या ढोलकीवाल्याला विचारून ठेवलंय. सनईवाला म्हणतो, आधी बिदागी सांग.