सहा दिवसांचा लाँग मार्च की शंभर दिवसांची पदयात्रा?

हवामान बदलाच्या प्रश्नावर पायी निघायचं, असं गटात ठरत आलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी नकाशा उघडतं. कुठून निघायचं, किती किलोमीटर, मुक्काम कुठे. तो नकाशा थोडा वेळ बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागणीच्या कागदावर सही कोणाची हवी आणि ती माणसं कोणत्या दिवशी कुठे बसलेली असतात, हे आधी ठरवा. अंतर, दिवस, चालणारी माणसं, हंगाम, सगळं त्यावरून ठरतं.

महाराष्ट्राने पायी चालण्याचे दोन अगदी वेगळे नमुने पाहिले आहेत. पहिला सर्वांच्या लक्षात आहे. 6 मार्च 2018 ला किसान सभा या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून निघालेला लाँग मार्च. सुमारे 180 किलोमीटर, कसारा घाट उतरून मुंबई. दुसरा आज पुष्कळांना ठाऊकही नाही. 1987-88 ची पश्चिम घाट बचाव पदयात्रा. नोव्हेंबरमध्ये एक तुकडी नवापूरहून दक्षिणेकडे निघाली, दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेकडे, आणि सुमारे तीन महिन्यांनी दोन्ही गोव्यात भेटल्या. वाटेत जंगलतोड, धरणं, खाणी, विस्थापन यांवर गावोगाव बैठका झाल्या.

कागदावर काय लिहिलं होतं

नाशिकच्या मोर्चाची ताकद गर्दीत होती हे खरं, पण तेवढ्याने भागलं नसतं. वनहक्काचे, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीचे, दावे निकाली काढा, कर्जमाफी नीट द्या, या मागण्यांना उत्तर देणारे मंत्री मुंबईतच होते आणि विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. म्हणून 12 मार्चला चर्चा झाली आणि लेखी आश्वासन मिळालं, वनहक्काच्या दाव्यांसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली. तरीही आश्वासनं पुरी न झाल्याने फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच शेतकऱ्यांना पुन्हा नाशिकहून निघावं लागलं, आणि 2023 मध्ये पुन्हा एकदा. यशस्वी म्हणून ज्याचं नाव घेतो, त्या मोर्चाचीही ही कथा आहे.

हवामान बदलाची मागणी इथेच अडखळते. ‘हवामान बदल थांबवा’ या वाक्याखाली सही करू शकेल असा अधिकारी मंत्रालयात नाही. पण रोजगार हमीच्या कामाची उन्हाळ्यातली वेळ बदला, कामाच्या जागी सावली आणि पिण्याचं पाणी द्या, औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचं काय करणार ते तारखेसह सांगा, प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवा, यांवर सही होऊ शकते. अशा चार-पाच मागण्या हातात असतील तर सहा-सात दिवसांचा मोर्चा काढा. नसतील तर काढू नका. माणसं पाय सोलून घेतील आणि निवेदन आवक-जावक नोंदवहीत जाऊन पडेल.

लांब चालण्याने काय मिळतं

मागण्या अजून पक्क्या झालेल्या नाहीत, गावागावांत काय बिघडलं आहे हेच नीट कळायचं आहे, अशा वेळी लांब पदयात्रा फार मोलाची ठरते. पश्चिम घाट पदयात्रेचं फळ लगेच दिसलं नाही. पण त्या चालण्यातून घाटभर माणसं एकमेकांना जोडली गेली. पुढे 2010 मध्ये पश्चिम घाट बचाव चळवळीतली माणसं तामिळनाडूतल्या कोटगिरीला जमली तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश तिथे आले होते, आणि त्याच वर्षी पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला गेला. म्हणजे मध्ये बावीस वर्षं गेली. एवढा धीर असलेल्यांनीच हा रस्ता धरावा.

फिलिपिन्समधलं उदाहरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. हैयान वादळाने टाक्लोबान शहर उद्ध्वस्त केलं, त्याला 8 नोव्हेंबर 2014 ला वर्ष पूर्ण होणार होतं. हवामान परिषदांत त्या देशाची बाजू मांडणारे येब सान्यो आणि त्यांचे साथी 2 ऑक्टोबरला मनिलाहून पायी निघाले आणि सुमारे हजार किलोमीटर चालून बरोबर वर्षपूर्तीच्या दिवशी टाक्लोबानला पोचले. आपण नेहमी राजधानीकडे चालत जातो, ते राजधानीकडून आपद्ग्रस्तांकडे गेले. मराठवाड्यासाठी असा विचार कोणी करणार असेल, तर मुंबई-पुण्यातल्या तरुणांनी बीड-धाराशिवकडे चालत जावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त हंगाम पाहून. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात. थंडी चालायला चांगली, पण ज्यांच्याशी बोलायचं तीच माणसं फडावर असतात. त्यासाठी जूनचा शेवट किंवा जुलै बघा, पेरणीच्या घाईचे दिवस टाळून.

लांब यात्रेचा धोकाही सांगायला हवा. अमेरिकेत 2014 मध्ये लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनपर्यंत आठ महिन्यांची हवामान पदयात्रा निघाली. हजार जण चालतील असा संकल्प होता, सतत चालणारे राहिले पन्नासच्या आसपास. नोकरी, मुलं, आजारपण सोडून आठ महिने कोण येऊ शकतं? आपल्याकडेही लांब यात्रेत शेवटी उरतात ते विद्यार्थी, निवृत्त आणि पूर्णवेळ कार्यकर्ते. उन्हाचा मार ज्यांना सर्वाधिक बसतो तो शेतमजूर, बांधकामावरची बाई, यांची रोजची मजुरी बुडते. सहा दिवसांचा खाडा गाव मिळून सोसू शकतं, शंभर दिवसांचा नाही.

शिधा, पाणी, पाय

नाशिकच्या मोर्चात गावांनी आपापलं धान्य आणि भांडी टेम्पोत घालून आणली होती. ही व्यवस्था देणगीवर चालणाऱ्या जेवणापेक्षा कितीतरी भक्कम. ज्यांनी वारी केली आहे त्यांना दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू आणि स्वयंपाक तयार ठेवतो हे माहीत असतं. अशा एखाद्या दिंडीचालकाला तुमच्या बैठकीला बोलवा, शहरातल्या कुठल्याही कार्यक्रम व्यवस्थापकापेक्षा तो जास्त सांगेल.

पाचशे माणसांना नुसतं प्यायला दिवसाला अडीच हजार लिटर पाणी धरा. बायकांसाठी शौचालय आणि आडोसा प्रत्येक विसाव्यावर हवा, केवळ मुक्कामावर नव्हे. दिवसाला तीस किलोमीटरचा वेग नाशिकच्या आदिवासी शेतकऱ्यांना पेलला, तरीही त्यांच्या सोललेल्या पायांची छायाचित्रं आपण पाहिली. मिश्र गटाने अठरा-वीसच्या वर जाऊ नये. आणि मार्चच्या मध्यानंतर जूनपर्यंत दुपारी चालणं बंदच. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. उष्णतेविरुद्ध निघालेल्या मोर्चात असं काही होणं अक्षम्य ठरेल.

अडवलं तर

लांब यात्रा दिल्ली-मुंबईच्या वेशीवर अडवली जाते, हे गृहीतच धरा. लडाखहून 1 सप्टेंबर 2024 ला तिथले पर्यावरण कार्यकर्ते सोनम वांगचूक यांच्यासह निघालेली पदयात्रा महिनाभर चालत आली आणि 30 सप्टेंबरच्या रात्री दिल्लीच्या सिंघू सीमेवर त्यांना ताब्यात घेतलं गेलं. मुंबईत आझाद मैदानाच्या पुढे मोर्चा जात नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलिसांकडे मार्ग, मुक्काम, वेळ लेखी द्या, पोच घ्या, आणि जमावबंदीचा आदेश निघाला तर कोण वकील बोलणार हे निघण्याआधी ठरवा. लोकांची सहानुभूतीही राखावी लागते. दहावीच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून 2018 च्या मोर्चातले शेतकरी रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले, तेव्हा सगळी मुंबई त्यांच्या बाजूची झाली.

मग मी काय निवडेन

विदर्भातला गट असेल तर चंद्रपूर ते नागपूर. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता, आठ दिवस, डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहून. कोळसा, राख आणि उन्हाळा तिन्ही सोसणारी माणसं त्याच पट्ट्यात आहेत आणि सही करणारे त्या दिवसांत नागपुरात असतात. कापूस वेचणीचे दिवस असतात, म्हणून घरटी एकच माणूस मागा आणि तालुक्याच्या हद्दीवर माणसं बदलू द्या. निम्मे जण पूर्ण चालतील, निम्मे टप्प्याटप्प्याने. अशी साखळी असली तर नोकरदारांनाही दोन दिवस देता येतात.

कोकण किंवा सह्याद्रीत काम करणाऱ्यांनी मात्र मोर्चाची घाई करू नये. तिथे खाण, रस्ता, दरड, पाणी यांचे प्रश्न दर दहा मैलांवर बदलतात. त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी लहान तुकडीने चालावं, गावात राहावं, ग्रामसभेचे ठराव गोळा करावेत. मोर्चा त्या ठरावांनंतर.

दोन्हीकडे एक काम सारखंच: निघण्याआधीच चालणाऱ्यांपैकी दोघांना पाठपुराव्यासाठी नेमून ठेवायचं. मोर्चा परतल्यावर आश्वासनाच्या प्रत्येक ओळीवर तारीख घालून दर महिन्याला त्या खात्यात जाणं हे त्यांचं काम, आणि सहा महिन्यांनी गावांपुढे हिशेब मांडणंही.