इंग्रजी-कँटोनीज उच्चारांचं ॲप: वर्षभराच्या वापरानंतर

वर्गणी भरा म्हणून ॲपचा तगादा सुरू झालाय, पण मी अजून भरलेली नाही. कारण एकच: शब्दाच्या शेवटचे प, त, क.

कँटोनीज या चिनी भाषेत ही व्यंजनं शेवटी आली की दाबून ठेवायची, सोडायची नाहीत. दहाला 'सप्' म्हणताना ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. भरीव, खरं या अर्थाच्या 'सत्'मध्ये जीभ वरच्या दातांमागे टेकून तिथेच थांबते. या भाषेत सहा सूर, म्हणजे आवाजाच्या ठरावीक पट्ट्या आणि चढउतार, शब्दाचा अर्थ बदलतात. या दोन्हींचा सूर सहावाच, त्यामुळे फरक सगळा त्या शेवटात. आपण मराठीत 'बाप', 'हात' म्हणताना शेवटी हवा सोडून मोकळे होतो, म्हणून नेमकी हीच सवय मोडायला हवी. आणि ॲप काय करतं? 'सप्'च्या जागी मुद्दाम 'सत्' म्हटलं तरी हिरवी खूण! सूर बरोबर असला की झालं, अंत्य व्यंजनाकडे लक्षच नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, माइक तपासा, ॲप पुन्हा इन्स्टॉल करा. रेकॉर्डिंग जोडून पाठवलं, तर तक्रार परस्पर बंद. याची मला खरंच चीड आली.

बाकी शिकवणं मात्र उत्तम आहे. सहा सुरांचा धडा तर फारच छान. एकच 'सी' सूर बदलून कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे अर्थ देतो. तिसरा आणि सहावा दोन्ही सपाट, एक मधल्या पट्टीत, दुसरा खालच्या. नुसत्या कानाला ते सुरुवातीला सारखेच वाटतात. इथे आपल्या आवाजाची रेघ शिक्षिकेच्या रेघेवर उमटते आणि कुठे घसरलो ते लगेच दिसतं.

इंग्रजीच्या भागात 'पेन' म्हणताना तोंडासमोरचा कागद हलला पाहिजे, 'स्पेन'ला जवळपास हलू नये, हा सराव मिळतो. पुढे कँटोनीजमध्ये तोच कामाला येतो. ज्यूतपिंग या रोमन लेखनात जिथे 'बी' दिसतो तिथे आपला साधा 'प' म्हणायचा, आणि 'पी' दिसला की हवा सोडून, ओठ मिटून म्हटलेला 'फ'. हे दोन धडे ॲपने एकमेकांना जोडायला हवे होते. 'झेड'चा उच्चार 'चाक'मधल्या 'च'च्या जवळ जातो, म्हणजे मराठी माणसाला तो जवळजवळ फुकटात मिळतो.

वरचं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात नवं अपडेट आलं. आता अंत्य व्यंजनांना तोंडाचा जवळून घेतलेला व्हिडिओ आहे. 'सप्'ला मिटलेले ओठ स्पष्ट दिसतात, सूर संपल्यावरही उघडत नाहीत. मला ते पाहूनच जमायला लागलं, त्यामुळे एक तारा वाढवतो. 'क' मात्र घशाजवळ अडतो, बाहेरून दिसत नाही. त्याला जिभेची आकृती हवी, ती नाही. आणि गुण देणारं यंत्र अजून तसंच बहिरं.

म्हणून तूर्त एका महिन्याचेच पैसे भरतोय. 'सप्' आणि 'सत्'मधला फरक ॲपला कळायला लागला, की वर्षाचे भरेन.