चाकू खरा होता, विकणारा खोटा : माझे 31,250 रुपये कसे गेले

आकडा आधीच लिहून टाकतो. घरी तो सांगायला मला अकरा दिवस लागले, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

गेली बावीस वर्षं मी घडीचे छोटे चाकू जमवतोय. खिशात मावणारे, पेन्सिलीला टोक काढायचे, फळ कापायचे. फ्रान्सचे लाकडी मुठीचे ओपिनेल आहेत. जपानमधल्या मिकीचा, पितळी पत्रा दुमडून केलेल्या मुठीचा हिगोनोकामी आहे. पण मनात कायम एकच राहिला होता : इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा, शिंपल्याच्या मुठीचा, दोन पात्यांचा. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. बोरू तासायला त्यांच्या कोटाच्या खिशात असाच रॉजर्स असायचा. पातं मिटताना होणारा तो टक्क आवाज मला अजून आठवतो. वाटण्या झाल्या त्यात तो कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.

जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं होतं. आजोबा, कचेरी, बोरू, सगळं. ही माझी पहिली चूक. कशासाठी तुमचा जीव तुटतो ते अनोळखी लोकांसमोर मांडू नका.

चार दिवसांनी एकाचा मेसेज आला. तरुण आवाज, अस्सल वऱ्हाडी बोली, प्रत्येक वाक्यात “काका”. नागपूरच्या महाल भागात त्यांचा जुना वाडा पाडतायत, पणजोबा वकील होते, त्यांच्या पेटीत चाकू सापडला. किंमत 18,500. कुणी म्हणेल एवढी कशाला? शिंपल्याला एकही तडा नसलेला, दोन्ही पाती झिजलेली नाहीत असा रॉजर्स मिळाला, तर जमवणारा माणूस एवढे देतो. किंमत फार कमी असती तर मला संशय आला असता. त्यानं ती बरोबर सांगितली.

फोटो मी दोन रात्री बघत होतो. पात्याच्या मुळाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस, रॉजर्सची खूण. मुकुट आणि बाजूला व्ही आर, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, 1901 च्या आधीचा. स्टेनलेस हा शब्द कुठेही नाही, आणि तो नसायलाच हवा, कारण ते पोलाद शेफिल्डला निघालं 1913 मध्ये. अशा जुन्या छापाखाली चकचकीत स्टेनलेस पातं दिसलं तर तो चाकू बनावट समजा. इथे पात्यावर जुन्या पोलादावर चढते तशी राखाडी छटा होती. सगळं जुळत होतं. जुळणारच, कारण फोटोतला चाकू खरा होता. मी चाकू तपासला. विकणारा तपासलाच नाही.

आता तो क्षण. रोज रात्री तोच डोळ्यांसमोर येतो.

मी म्हटलं, पातं उघडून मिटतानाचा व्हिडिओ पाठव, मला आवाज ऐकायचाय. तो म्हणाला, “काका, माझ्या फोनचा व्हिडिओ चालत नाही, ताजा फोटो पाठवतो.” फोटो आला. चाकू मिटलेला, म्हणजे छापाची अक्षरं दिसणार नाहीत. मुठीच्या टोकाच्या धातूवर एक बारीक तिरका ओरखडा होता. पहिल्या फोटोत तो डाव्या टोकाला, या फोटोत उजव्या. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी खोटं सांगणार नाही. मी स्वतःला समजावलं की त्यानं चाकू फिरवून ठेवला असेल. पण चाकू फिरवला तर ओरखड्याची जागा बदलेल, त्याचा कल बदलणार नाही. इथे कलही उलटा झाला होता. म्हणजे जुनाच फोटो आरशासारखा उलटवून पाठवलेला. बावीस वर्षं भिंग घेऊन असल्याच खुणा बघणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. मला कळलं, आणि तरीही मी त्या रात्री 9,000 पाठवले. दुसऱ्या दिवशी उरलेले 9,500 आणि कुरिअरचे 350.

तिसऱ्या दिवशी “कुरिअर ऑफिसातून” फोन. पार्सलमध्ये हत्यार सापडलंय, शस्त्र कायद्याखाली केस होईल, 12,400 डिपॉझिट भरा, तपासणीनंतर परत मिळेल. हे सोंग तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. शस्त्रांच्या नियमात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, हे नव्या संग्राहकांना मीच सांगत आलोय. माझ्या चाकूचं पातं जेमतेम अडीच इंच. पण समोरचा माझं नाव, पत्ता, आधीचे तिन्ही आकडे धडाधड सांगत होता. मुलीचं लग्न दीड महिन्यावर होतं. दारात पोलीस आले तर, एवढंच मनात आलं. पैसे भरले. ज्यांना हा मूर्खपणा वाटतो त्यांनी त्या दहा मिनिटांत माझ्या जागी बसून बघावं.

फोन बंद झाल्यावर तोच फोटो गूगल लेन्सवर टाकला, तिथे फोटोवरून तसाच फोटो शोधता येतो. इंग्लंडमधल्या एका जुन्या लिलावाच्या पानावर तो चाकू सापडला, चार वर्षांपूर्वी विकलेला. ओरखडा डावीकडे. अर्धं मिनिट लागलं. पैसे पाठवायच्या आधी हे अर्धं मिनिट काढा.

आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्याच तासाला. मी लाजेपायी दोन दिवस घालवले, तेवढ्यात पैसे तीन खात्यांतून पुढे गेले.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा विचारलं, “चाकू कशाला हवा होता तुम्हाला?” फसलो मी, आणि जबाबही मीच द्यायचा! शिंपल्याची मूठ म्हटल्यावर शिपाई म्हणतो, “रामपुरी का?” मी फोटो दाखवले, आजोबांचं सांगितलं. तो हसला. घरात अजून किती चाकू आहेत याची यादी आणा म्हणाले. माझ्या पैशांची नाही, माझ्या चाकूंची यादी! तिसऱ्या खेपेला सांगितलं की ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग इथे कशाला आलात. चौथ्यांदा, की ऑनलाइन तक्रारीचा कागद इथे आलेलाच नाही. रक्कम छोटी आहे, इथे लाखांचे गुन्हे पडून आहेत, हेही ऐकवलं. माझ्या पेन्शनीतून 31,250 जमायला किती महिने लागतात ते कुणी विचारलं नाही.

बँकेत तर सरळच सांगितलं : पिन तुम्हीच टाकलात. तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले असते तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यावर संरक्षण आहे. तुम्ही स्वतः पाठवलेत, त्याला नाही. फसवून घेतलेली परवानगी ही परवानगी कशी, या प्रश्नाला काउंटरवर उत्तर नव्हतं. मॅनेजरनं ईमेल करा म्हटलं. तीन ईमेल केले. एका खात्यात 1,140 रुपये गोठवलेत म्हणे, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा.

कुणी हस्तिदंती मुठीचा चाकू देऊ केला तर तिथेच थांबा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तुम्हीच आरोपी व्हाल, आणि फसलात तरी तक्रारीला तोंड उरणार नाही. तेच त्यांना हवं असतं. व्हिडिओ मागताना त्यात आपलं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. नाही म्हटलं की सोडा. पैसे परत मिळतील म्हणून मागितलेले पैसे कधीच परत मिळत नाहीत.

हे लिहायला बसलो त्याचं कारण गेल्या रविवारचं. दुसऱ्या एका ग्रुपवर तोच चाकू पुन्हा आला. नाव वेगळं, वाडा या वेळी साताऱ्याचा, किंमत 16,000. खाली एक बाई विचारत होत्या, वडिलांकडे असाच होता, देता का. मी त्यांना लगेच कळवलं, त्यांनी अजून पाठवले नव्हते. फोटो तोच, उलटवलेला : शिंपल्याची मूठ, मधोमध लंबगोल पत्री, उजव्या टोकाला तिरका ओरखडा. कुठेही दिसला तर मला कळवा.